भिंतीकडे तोंड करून

"मग कमी काय आहे, सर?"

अभिराम शिरगुप्पेनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

बागवान सर हात पाठीमागे बांधून आमच्या बोर्डासमोर उभे होते. चपला दाराबाहेर. प्रयोगशाळेत चपला काढून येणारे आमच्या कॉलेजात ते एकटेच.

"एकसष्ट चिठ्ठ्या आहेत," अभिराम म्हणाला. "एकसष्टच्या एकसष्ट 'झालं'मध्ये. चार महिन्यांत एकही स्टँडअप चुकलेला नाही. रविवार सोडून."

"हं."

"बाकीच्या टीमांचा अजून विषय ठरत नाहीये, सर."

"हं."

"मग सही..."

सर वाकून एक पिवळी चिठ्ठी वाचत होते. ती माझी होती. माझ्या हातातला पेन खाली पडला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पेनाकडे.

आम्ही पाच जण. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. हॉस्टेलच्या मेससाठी सॉफ्टवेअर करायचं होतं. मेस चालवणाऱ्या हौसाक्का रोज एकशे ऐंशी पोरांच्या अंदाजानं कणिक मळायच्या. कधी जेवायला सव्वाशेच यायचे, मग पोळ्या उरायच्या. कधी सगळेच यायचे आणि शेवटच्या रांगेला नुसता भात मिळायचा. पोरांनी सकाळी अकराच्या आत मोबाइलवर 'जेवणार' किंवा 'नाही' दाबायचं, आणि आकडा थेट हौसाक्कांपुढे. कल्पना एवढीच होती.

ती 'एवढीच' होती, हे आम्ही पहिल्या महिन्यातच विसरलो.

अभिराम सुट्टीत पुण्याच्या एका कंपनीत दोन महिने काम करून आला होता. येताना अ‍ॅजाइल नावाची कामाची पद्धत घेऊन आला. सगळं एकदम बांधायचं नाही. थोडं करायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, मग पुढचं. दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे टप्पे. भिंतीवर बोर्ड, त्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. आणि रोज सकाळी नऊला स्टँडअप. सगळ्यांनी उभं राहायचं आणि तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. बसलं की बोलणं लांबतं, म्हणून उभं.

त्यानं चार रंगांच्या चिठ्ठ्या स्वतः आणल्या. पाच जणांचे सारखे टी-शर्टही छापून घेतले.

शनिवारी सांगलीला स्पर्धा होती. अर्जावर मार्गदर्शकाची, म्हणजे बागवान सरांची सही हवी होती. अर्ज आज एकच्या आत ऑफिसात पोचला नाही, तर आमचं नाव कटणार होतं. अभिरामचा मोठा भाऊ स्पर्धा बघायला शनिवारची रजा टाकून बसला होता. सर मात्र आठवडाभर अर्ज खिशात घेऊन फिरत होते.

"स्टँडअप कधी?" सरांनी विचारलं.

"आत्ता, सर. नऊला."

"करा. मी बघतो."

आम्ही उभे राहिलो. अभिराम बोर्डाला पाठ करून, मोबाइलवर वेळ लावून. आम्ही चौघं त्याच्यासमोर.

"काल मेन्यूचं पान तपासलं," नीलांबरी म्हणाली. "आज परत तपासणार. अडचण नाही."

"काल आलेख," प्रज्वल म्हणाला. "आज आलेखच. अडचण नाही."

"काल नोंदी. आज नोंदी. अडचण नाही," तौफिक म्हणाला.

मग मी.

"काल तपासलं... आज परत तपासणार. अडचण नाही."

हे मी सोळा दिवस म्हणत होते. आता इतकं पाठ झालं होतं की माझ्या आधी माझं तोंडच म्हणून मोकळं व्हायचं. म्हणताना मान अभिरामकडे वळायची, आणि त्यानं मान डोलावली की मी श्वास सोडायची.

"एक मिनिट दहा सेकंद," अभिराम म्हणाला. "आजपर्यंतचा सगळ्यात छोटा."

"छान," सर म्हणाले.

...

"शिरगुप्पे, सगळं झालंय ना?"

"हो, सर."

"मग ही पोरं आज काय करणार?"

"पॉलिश, सर."

"हं. आणि आत्ता ही सगळी बोलली कुणाशी?"

"टीमशी."

"हं."

सर चालत त्याच्याकडे गेले. दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. मला वाटलं, शाबासकी देतायत. त्यानंही तसंच तोंड केलं होतं.

खिडकीतली कुंडी उन्हाकडे फिरवावी, तसं सरांनी त्याला अलगद फिरवलं. थेट भिंतीकडे. त्याच्या नाकासमोर आता बोर्डाशेजारचं आग विझवायचं लाल नळकांडं होतं.

"सर?"

"असा राहा जरा."

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "करा आता. पुन्हा."

"झालं की सर आत्ताच," प्रज्वल म्हणाला.

"ते त्याला सांगून झालं."

...

खरं सांगायचं तर बघायचं कुठे, हेच कळेना. इतके दिवस चौघांची तोंडं एकाच दिशेला होती. आता ती दिशाच पाठमोरी झाली.

"तू माझ्याकडे असा काय बघतोयस?" नीलांबरीनं प्रज्वलला विचारलं.

"मग कुठं बघू? साहेब भिंतीत गेलेत."

तौफिक फुसकन हसला. भिंतीकडून अभिराम म्हणाला, "मला ऐकू येतंय."

"ऐक की," सर म्हणाले. "ऐकायला कुठे मनाई आहे."



आणि मग कुणीतरी म्हणालं, "माझं अडलंय."

मी दचकले. आवाज माझा होता.

"काय अडलंय?" तौफिकनं विचारलं.

"दोघांनी एकाच क्षणी 'जेवणार' दाबलं ना, की एकच मोजला जातो. दुसरा... जातो कुठं कळतच नाही. सोळा दिवस झाले. पहिल्या दिवशी मी अडचण म्हणून सांगितलं होतं. तर अभिराम म्हणाला, संध्याकाळपर्यंत होईल ना? मी हो म्हटलं. संध्याकाळी चिठ्ठी 'झालं'मध्ये गेली. मग ती परत कशी आणायची, ते..."

तौफिक माझ्याकडे बघतच राहिला.

"अगं रेवती, माझ्याकडं नोंदीत तेच होत होतं की. सेम. मागच्या सोमवारी सोडवलं मी."

"मग बोलला नाहीस?"

"काय बोलू? तुझी चिठ्ठी 'झालं'मध्ये. म्हटलं, हिचं आपल्या आधी झालं, आपणच ढ. कुणाला कळू नये म्हणून डबा खायच्या सुट्टीत गुपचूप बसून केलं."

त्याची खुर्ची आणि माझी खुर्ची यांच्यात एक हाताचं अंतर आहे. सोळा दिवस मी त्याच्याकडून चार्जर मागून घेत होते.

मी बोर्डाकडे गेले. पिवळी चिठ्ठी सोडवली. चिकटपट्टीचा चर्र आवाज झाला.

"काय चाललंय?" अभिरामनं भिंतीला विचारलं.

"चिठ्ठी हलली," सर म्हणाले.

"कुठं?"

"मागे."

"सर, एक वाजता अर्ज..."

"नळकांड्यावर काय लिहिलंय?"

...

"आधी खीळ ओढा," अभिरामनं वाचलं.

"हं. मग?"

मग काय झालं ते मला नीट क्रमानं सांगता येणार नाही. नीलांबरी आली आणि तिनं तीन चिठ्ठ्या काढल्या. म्हणाली, मेन्यूचं पान फक्त तिच्याच मोबाइलवर उघडतं. प्रज्वल म्हणाला, "म्हणजे आपण बघायचो तेव्हा दर वेळी तू तुझाच मोबाइल का पुढं करायचीस, ते आत्ता कळलं." ती म्हणाली, "शहाणा आहेस. तुझे आलेख रोज सारखेच दिसतात, त्याचं काय?"

"सारखेच असणार," प्रज्वल म्हणाला. "त्यात आकडे खरे कुठं आहेत? ती माझ्या आतेभावाच्या क्रिकेट टीमची धावसंख्या आहे."

"चार महिने?"

"तो चांगला खेळतो."

नीलांबरी खुर्चीत बसली ती हसू आवरेना म्हणून. मी चार महिन्यांत या खोलीत कुणाचं एवढ्या मोठ्यानं हसणं ऐकलं नव्हतं. चिठ्ठ्या चर्र चर्र निघत होत्या. तौफिकनं पाच आणल्या. आठवत गेलं तसं आणखी निघत गेलं. एखाद्या घरात सगळ्यांनीच पंगतीला गोड नको म्हणावं, आणि एकानं हळूच मागितल्यावर सगळ्यांची ताटं पुढं यावीत, तसं झालं ते.

कोपऱ्यात अभिराम मात्र तसाच उभा होता. पाठीवर टीमचं नाव, कान लाल.

आमचं हसणं हळूहळू थांबलं.

...

"माझ्या बारा," तो म्हणाला. भिंतीलाच.

"बारा काय?" नीलांबरीनं विचारलं.

"चिठ्ठ्या. त्या पण मागं आणा. 'उद्याचा अंदाज' म्हणून जो भाग आहे ना... तो चालत नाही."

"चालतो की," मी म्हटलं. "रोज पडद्यावर येतंय, एकशे सत्तर."

"ते मी हातानं लिहिलंय."



"आणि हातानं नाही लिहिलं तर?" प्रज्वलनं जपून विचारलं. "किती दाखवतो?"

"गुरुवारी चार हजार दोनशे सोळा जेवणार म्हणतोय."

...

हॉस्टेलमध्ये एकशे ऐंशी पोरं आहेत.

अभिरामचे खांदे हलायला लागले. मला भीती वाटली. मी सरांकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते. मी हळूच त्याच्या बाजूला गेले आणि वाकून त्याचं तोंड पाहिलं.

तो हसत होता. डोळ्यांत पाणी होतं, पण हसतच होता.

"चार हजार माणसं, रेवती," तो म्हणाला. "हौसाक्कांनी मला कणकेत मळलं असतं."

मग सगळेच सुटले. प्रज्वल तर जमिनीवर बसला. शेजारच्या वर्गातून कुणीतरी येऊन दार लावून गेलं.

"सर," अभिरामनं जरा वेळानं विचारलं. "वळू?"

"तुला धरून कुणी ठेवलंय?"

तो वळला. बोर्ड पाहिला.

'करायचं'चा रकाना भरून खाली फळीपर्यंत आला होता. 'झालं'मध्ये सात.

त्यानं त्या मोजल्या. परत मोजल्या. हसू चेहऱ्यावरून अजून पुरतं गेलं नव्हतं, पण जात होतं.

"चार महिन्यांत सात," तो म्हणाला.

सरांनी विचारलं, "या सातांत काय होतं?"

तौफिक म्हणाला, "पोरानं बटण दाबलं की आकडा येतो. एवढंच. रेवतीचं दुरुस्त झालं तर आकडा बरोबर येईल."

"एवढंच कुणाला दाखवलंय?"

...

"कुणालाच नाही, सर," अभिराम म्हणाला. "सगळं पूर्ण झालं की हौसाक्कांना दाखवायचं ठरवलं होतं."

सर दाराबाहेर जाऊन चपला घालू लागले.

साडेदहापर्यंत तौफिकनं आणि मी माझं दुरुस्त केलं. खरं तर वीस मिनिटंच लागली. आम्ही दोघांनी दोन मोबाइलवर एकदम बटण दाबलं. दोन मोजले गेले. पुन्हा दाबलं. पुन्हा दोन. मग पाचही जणांनी एकदम दाबलं, उगीचच, नऊ-दहा वेळा. आठवी चिठ्ठी मी स्वतः 'झालं'मध्ये लावली. अभिरामनं मान डोलावली की नाही, ते मी पाहिलं नाही.

हॉस्टेलच्या ग्रुपवर लिंक आणि 'अकराच्या आत दाबा' असा निरोप टाकला आणि मेसकडे निघालो.

हौसाक्का परातीपुढे बसल्या होत्या. शेजारी पिठाचा पत्र्याचा डबा, त्यात माप.

"काय रं, एवढी वरात?" त्या म्हणाल्या. "सर बी हायत. काय सांडलं का?"

अभिरामनं मोबाइल पुढे धरला. चार महिने त्यानं या क्षणासाठी वीस मिनिटांचं भाषण तयार ठेवलं होतं, आम्हाला ते तोंडपाठ होतं.

"मावशी," तो म्हणाला. "हे आज दुपारी जेवणाऱ्यांचे."

पडद्यावर बेचाळीस होते. मग सत्तावन्न. मग ऐंशी.

"ह्ये थांबतंय का न्हाई?"

"अकराला थांबेल."

हौसाक्का बघत राहिल्या. आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो. तव्याखालचा गॅस तेवढा आवाज करत होता.

अकराला आकडा थांबला. एकशे एकतीस.

"खरं हाय ह्ये?"

अभिरामनं माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "पोरांनी खरं दाबलं असेल तर."

हौसाक्कांनी परातीतल्या कोरड्या पिठाकडे पाहिलं. मनाशी काहीतरी पुटपुटल्या. मग माप उचललं आणि परातीतलं पीठ परत डब्यात टाकलं. एक माप. थांबल्या. दुसरं. आणखी अर्धं.

आमच्यापैकी कुणीच हललं नाही. नीलांबरीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

"खोटं निघालं तर," हौसाक्का म्हणाल्या, "उरल्याली पोरं तुमच्या पाचांच्या घरी जेवायला धाडीन."

"चालेल," अभिराम म्हणाला.

"आनि अक्षर ल्हान हाय. माझा चष्मा वाफंनं भरतोय. हितं हांड्याएवढा आकडा पायजे."

अभिरामनं खिशातून चिठ्ठी काढली आणि लिहून घेतलं. मग जरा घुटमळला. त्यानं दुसरं पान उघडलं, जिथे प्रज्वलच्या आतेभावाच्या धावा उंच-सखल रंगांत उभ्या होत्या.

"आणि हे, मावशी... हे हवंय का?"

"काय ह्ये रंगीत डोंगर?"

"आलेख."

"कशाला?"

अभिरामनं तोंड उघडलं. बंद केलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"मग र्‍हाऊ दे की."

प्रज्वलनं खिशातून आलेखांच्या चिठ्ठ्या काढल्या. नऊ होत्या. त्यानं त्या शेगडीजवळच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या आणि हात झटकले, सुटी मिळाल्यासारखे.

साडेबाराला घंटा झाली. पोरं आली. आम्ही दाराशी उभे राहून माणसं मोजत होतो, प्रत्येक जण मनात, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येत होता. कुणाचा एकशे अठ्ठावीस, कुणाचा एकशे चौतीस. एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना शेवटच्या पोराच्या ताटात पोळी पडली. गरम. टोपल्यात तीन उरल्या.

हौसाक्कांनी त्या आमच्यापुढे धरल्या. "पाचांत वाटून घ्या."

अभिरामनं अर्धी पोळी तोंडात कोंबली आणि घड्याळाकडे पाहिलं. मग सरांकडे. तो काही मागत नव्हता. मला तसं दिसलं.

सरांनी खिशातून अर्ज काढला. चार घड्या पडलेला. पिठाच्या डब्याच्या झाकणावर तो सरळ केला, पेन उघडला आणि सही केली.

अभिराम जागच्या जागी थबकला.

"सर," तो म्हणाला. "सकाळी तुम्हाला एकसष्ट दाखवल्या, तेव्हा नाही केलीत."

"हं."

"आता आठच आहेत."

"हं."

"आठांवर सही करताय?"

सरांनी कागद उचलला, खाली लागलेलं पीठ फुंकरीनं उडवलं आणि त्याच्या हातात दिला.

"नाही रे. 'झालं'मधून परत आल्या, त्यांच्यावर."